बंदिवासात सुचलेली शाळा

फ्रँक बेल यांनी १९५५ साली केंब्रिजमध्ये परदेशी विद्यार्थ्यांसाठी इंग्रजीची शाळा काढली, तेव्हा या गावाला परदेशी विद्यार्थी नवे नव्हते. इंग्रजी शिकवू इच्छिणाऱ्या परकीयांसाठी तिथल्या विद्यापीठाने १९१३ मध्येच एक परीक्षा सुरू केली होती. सुमारे १२ तास चालणाऱ्या त्या पहिल्या परीक्षेला तिघे बसले आणि तिघेही नापास झाले. विद्यापीठ परक्या माणसाचं इंग्रजी जोखत होतं. बेल यांना त्याच्या शेजारी बसून ते घडवायचं होतं. ही ओढ त्यांच्या मनात रुजली ती इंग्लंडपासून हजारो मैलांवर, बोर्निओतल्या युद्धकैद्यांच्या छावणीत.

दुसऱ्या महायुद्धात बेल ब्रिटिश सैन्यात अधिकारी होते. १९४२ मध्ये जावा बेटावर ते जपान्यांच्या हाती लागले आणि त्यांची रवानगी सारावाकमधल्या कुचिंगजवळच्या बातू लिंतांग छावणीत झाली. एके काळी या बराकी ब्रिटिश फौजेतल्या पंजाब रेजिमेंटच्या जवानांसाठी बांधलेल्या होत्या. पुढे त्याच रेजिमेंटचे जवान इथे कैदी म्हणून आले. युद्धकैदी आणि नागरिक मिळून इथे एका वेळी ३,००० पर्यंत माणसं होती. अधिकारी, जवान, स्त्रिया, धर्मगुरू यांची आवारं काटेरी तारांनी वेगळी केलेली. मूठभर भातावर जगायचं, त्यात मलेरिया आणि हगवण. एकट्या ब्रिटिश जवानांपैकी निम्म्याहून अधिक या छावणीत दगावले.

इथे बेल आणि त्यांच्या सोबत्यांनी अधिकाऱ्यांच्या आवारात गुपचूप वर्ग सुरू केले. शिकण्या-शिकवण्याला बंदी होती, म्हणून संध्याकाळच्या अंधाराचा आडोसा घेतला जाई. फ्रेंच, जर्मन, स्पॅनिशसारख्या भाषा, इतिहास, वक्तृत्व. ज्याला जे येत होतं ते त्याने शिकवावं. पुस्तकं मोजकी आणि कागदाचा दुष्काळ. सिगारेटचे कागद, साबणाची वेष्टनं, जुन्या पत्रांच्या कोऱ्या बाजू जमवून त्यांच्या वह्या बांधल्या गेल्या. या उद्योगाला कैद्यांनीच ‘कुचिंग युनिव्हर्सिटी’ असं नाव दिलं. पोट रिकामं असताना क्रियापदं घोकण्यात कोणता फायदा, असा हिशेब तिथे कुणी मांडला नाही. उद्याचा धडा ठरलेला असला की उद्याची वाट पाहता येत होती. सप्टेंबर १९४५ मध्ये ऑस्ट्रेलियन फौजांनी छावणी सोडवली, तोवर हा अभ्यास चालू राहिला.

ज्यांच्या तावडीत तीन वर्षं काढली त्यांच्याविषयी सुडाची भावना घेऊन परतणं बेल यांना सहज शक्य होतं. त्यांनी उलट निष्कर्ष काढला: माणसं एकमेकांची भाषा शिकतील, तर देशांमधला संशय कमी होईल. मायदेशी आल्यावर त्यांनी प्रौढशिक्षणाच्या क्षेत्रात काम केलं आणि मग स्वतःची शाळा उभारली. युद्धात एकमेकांवर बंदुका रोखलेल्या देशांतली तरुण मुलं आता एका बाकावर बसणार होती.

अशा वर्गाचं शिकवणं आपल्या ओळखीच्या इंग्रजीच्या तासाहून निराळं असतं. आपल्याकडे वर्गाची एक सामाईक भाषा असते. अडलं की शिक्षक मराठीत अर्थ सांगून मोकळे होतात. एका वर्गात इटालियन, जपानी, तुर्की आणि ब्राझिलियन विद्यार्थी असले की ती वाट बंद. शिक्षकाला हावभाव, चित्रं, वस्तू आणि सोप्या इंग्रजीच्या आधारानेच अर्थ पोचवावा लागतो. विद्यार्थ्यांनाही आपसात बोलायला दुसरी भाषा नसते, त्यामुळे मधल्या सुट्टीतल्या गप्पाही इंग्रजीतच होतात. भर म्हणून इंग्रज कुटुंबात राहणं: जेवणाच्या टेबलावर मीठ मागताना, घरमालकिणीशी हवापाण्याच्या गोष्टी करताना जे पक्कं होतं, ते व्याकरणाच्या तक्त्याने होत नाही.

पुढच्या दशकांत ब्रिटनमध्ये इंग्रजी शिकवणं हा मोठा व्यवसाय झाला. शाळा भराभर निघाल्या. त्यांत उत्तम होत्या तशा केवळ फी गोळा करणाऱ्याही होत्या. या वातावरणात १९७२ साली बेल यांची शाळा धर्मादाय न्यासाकडे गेली आणि शिलकीचा पैसा शिक्षणाच्याच कामी लागण्याची सोय झाली. नॉरिच, बाथ, सॅफ्रन वॉल्डन इथे शाखा निघाल्या. काळाच्या ओघात त्या मिटल्याही. १९८९ मध्ये बेल गेले. केंब्रिजची शाळा चालत राहिली.

२०१२ मध्ये या परंपरेतून ‘बेल फाउंडेशन’ उभं राहिलं. इंग्लंडच्या सरकारी शाळांत अशी असंख्य मुलं आहेत ज्यांच्या घरी दुसरी भाषा बोलली जाते. त्यांना इंग्रजी जमावं आणि भाषेपायी गणित-विज्ञानात ती मागे पडू नयेत, यासाठी ही संस्था शिक्षकांना घडवते. इंग्रजी नीट न येणारे लोक पोलीस, न्यायालय आणि तुरुंग यांच्या कचाट्यात सापडतात, तेव्हा त्यांची होणारी कोंडी फोडण्याचं कामही ती करते.

इंग्रजीच्या शाळेकडे आज आपण व्हिसा, परीक्षेचे गुण आणि नोकरी यांच्या हिशेबात पाहतो. गरजा खऱ्या आहेत आणि त्या भागवणाऱ्या शाळा हव्यातच. पण बेल यांच्या शाळेचा इतिहास अशा प्रत्येक संस्थेकडून आणखी एक अपेक्षा करायला शिकवतो: तिथून बाहेर पडणाऱ्याला परक्या माणसाशी बोलण्याचं धैर्य यावं, आणि त्याचं ऐकून घेण्याची सवयही लागावी. भाषेच्या शिक्षकाचं काम गुणपत्रिकेपाशी संपत नाही, हे मानणाऱ्यांनीच ही शाळा घडवली.