लस, शाळा आणि आईबाप

मुलास शाळेंत घालावयाचें तर आधीं देवीची लस टोंचून आणा, हा दंडक अमेरिकेंतील मॅसॅच्युसेट्स राज्यानें १८५५ सालींच घातला. आईबापांचा विरोधहि तितकाच जुना. १९२२ सालीं टेक्सासमधील सॅन अँटोनिओच्या खटल्यांत सर्वोच्च न्यायालयानें दंडक उचलून धरला. पुढें देवीचा रोग पृथ्वीवरून नाहींसा झाला. वाद मात्र गोवराच्या लशीवर येऊन बसला.

विरोधक सगळेच अडाणी नसतात. पुष्कळ चांगले शिकलेले असतात. ‘आमच्या निरोगी लेकरास सुई कां टोंचावी?’ हा प्रश्न मायेपोटींच येतो, त्यास हंसणें मज शिक्षकास शोभत नाहीं. १९९८ सालच्या एका निबंधानें या लशीचा संबंध स्वमग्नतेशीं सुचविला. २०१० सालीं तो निबंध रद्द झाला, भीति राहिली.

परंतु गोवर हवेंतून पसरतो. निकट आलेल्या, प्रतिकारशक्ति नसलेल्या दहांपैकीं नवांस तो गांठतो. रक्ताच्या कर्करोगावर उपचार चालू असलेल्या मुलास ही लस देतां येत नाहीं. त्याचें रक्षण शेजारच्या बाकावरचीं टोंचलेलीं मुलेंच करितात.

डिसेंबर २०१४ मध्यें कॅलिफोर्नियांतील डिस्नेलँड येथून गोवराची साथ फैलावली. २०१५ सालीं तेथील कायद्यानें वैयक्तिक मताची सबब काढून टाकिली. मग झालें काय? वैद्यकीय सवलतीचे दाखले वाढले! (कांहीं डॉक्टर फारच उदार झाले म्हणावयाचे.) अखेर २०१९ सालीं त्या दाखल्यांवरहि सरकारी तपासणी बसवावी लागली. मुलांस घरींच शिकविणाऱ्या पालकांस मात्र हा दंडक लागू नाहीं.