वेग दुप्पट, अंतर चौपट

मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर ताशी 100 किलोमीटरने धावणारी मोटार सेकंदाला सुमारे 28 मीटर कापते. अडथळा दिसून पाय ब्रेकवर पडेपर्यंत एक सेकंद गेला, तर तेवढे अंतर ब्रेक लागण्याआधीच संपलेले असते.

खरी गोम पुढे आहे. गतिज ऊर्जा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. ताशी 50 ला ब्रेक लागल्यावर मोटार 14 मीटरमध्ये थांबत असेल, तर त्याच रस्त्यावर ताशी 100 ला तिला 56 मीटर लागतात. पावसात टायर आणि रस्ता यांच्यातले घर्षण घटते, आणि हा आकडा आणखी फुगतो.

आतले प्रवासी न्यूटनच्या पहिल्या नियमाप्रमाणे पुढेच जात राहतात. त्यांना अडवणारे बल सीटबेल्ट पुरवतो. मागच्या सीटवरही हा नियम तसाच लागू असतो, हे आपल्याकडे फार सहज विसरले जाते.

बोरघाटात उतरणाऱ्या भरलेल्या ट्रकपुढे वेगळाच प्रश्न असतो. उंचीमुळे साठलेली स्थितिज ऊर्जा कुठेतरी जायलाच हवी. सतत ब्रेक दाबला की तिची उष्णता होते, लायनर तापतात, त्यांची पकड ढिली पडते. म्हणून ट्रक खालच्या गिअरमध्ये उतरवायचा. वेग आवरण्याचे बरेचसे काम मग इंजिन करते. डिझेल वाचवायला गाडी न्यूट्रलमध्ये टाकली, की सगळा भार पुन्हा ब्रेकवर येतो.