बोलकं यंत्र आणि आपली बोली

भविष्य म्हटलं की आपल्या वऱ्हाडात भेंडवळची घटमांडणी आठवते. बुलढाणा जिल्ह्यातल्या या गावी अक्षय्य तृतीयेला शेतात घट मांडतात, भोवती धान्याचे दाणे ठेवतात आणि दुसऱ्या दिवशी पहाटे दाण्यांची जागा पाहून पावसापाण्याचं भाकीत सांगतात. कोणी ते मानतो, कोणी मानत नाही. मला त्यातली एक रीत आवडते. दाणा कुठून कुठे सरकला ते आधी पाहायचं, मग बोलायचं. येत्या दहा वर्षांत आपल्या घरातली, बाजारातली, वावरातली यंत्रं कशी बदलतील, हे सांगताना मीही हीच रीत धरणार आहे. मी तंत्रज्ञ नाही, कविता लिहिणारा माणूस आहे. पण ही गोष्ट शेवटी भाषेपाशीच येऊन थांबते, म्हणून बोलण्याचं धाडस करतो.

आधी सरकलेले दाणे पाहू. ३१ जुलै १९९५ रोजी ज्योती बसूंनी कोलकात्याहून दिल्लीला सुखराम यांच्याशी देशातलं पहिलं मोबाइल संभाषण केलं. तेव्हा ती बड्या लोकांची चीज होती. सप्टेंबर २०१० मध्ये आपल्याच राज्यातल्या, नंदुरबार जिल्ह्यातल्या टेंभली गावात देशातले पहिले आधार क्रमांक वाटले गेले. जुलै २०१३ मध्ये तार बंद झाली. २०१६ मध्ये यूपीआय आलं, त्याच वर्षी स्वस्त इंटरनेट आलं. २०२१ च्या फेब्रुवारीत टोल नाक्यांवर फास्टॅग सक्तीचा झाला आणि आमच्या नांदगाव पेठच्या नाक्यावरही सुट्या पैशांवरून होणारी हुज्जत कमी झाली. त्याच वर्षी ई-पीक पाहणी सुरू झाली आणि शेतकऱ्यानं स्वतःच मोबाइलमधून पिकाची नोंद करायची, असं ठरलं.

या सगळ्या बदलांत एक गोष्ट मात्र बदलली नाही. यंत्र आणि माणूस यांच्यामध्ये तिसरा माणूस कायम उभा राहिला. सौदीला गेलेल्या मुलाचं पत्र मोहल्ल्यात यायचं, तेव्हा ते पोस्टमन वाचून दाखवायचा, नाही तर शाळेत जाणारं पोर. पुढे एसटीडीची पिवळी पाटी लागली, तेव्हा नंबर फिरवून द्यायला बूथवाला होता. आता अर्ज भरायला सेवा केंद्रातला मुलगा आहे. कारण साधं आहे. पत्र असो, बटणं असोत, की काचेचा पडदा, प्रत्येक यंत्रानं माणसाकडे अक्षर मागितलं. ज्या बाईला अक्षर येत नाही, तिच्या घरापर्यंत यंत्र पोचलं. ती यंत्रापर्यंत पोचली ती मात्र कुणाचा तरी हात धरून. ज्याचा हात धरला त्याला तिचं खातं, तिचा ओटीपी, तिच्या घरची अडचण, सगळं कळत गेलं.

हा दाणा आता हलू लागला आहे. चहाच्या टपरीवरची ती छोटी डबी तुम्ही ऐकली असेल. गिऱ्हाइकानं पैसे पाठवले की किती रुपये आले ते ती मोठ्यानं सांगते. टपरीवाल्याला पडदा पाहावा लागत नाही, वाचावं लागत नाही. ही डबी नुसती बोलते, पण आता ऐकणारी यंत्रंही येत आहेत. पीएम किसान योजनेची चौकशी तोंडी करता यावी म्हणून २०२३ मध्ये ‘किसान ई-मित्र’ ही सोय आली. त्याच वर्षी बोलून पैसे पाठवण्याची ‘हॅलो यूपीआय’ ही सोय हिंदी आणि इंग्रजीत जाहीर झाली. देशी भाषांसाठी सरकारचा ‘भाषिणी’ हा उपक्रम २०२२ पासून चालू आहे.

तेव्हा माझं पहिलं भाकीत असं की येत्या दहा वर्षांत बोट मागे पडेल आणि जीभ पुढे येईल. फोनला आपण सांगू आणि तो ऐकेल. तो नुसतं उत्तर देऊन थांबणार नाही, अर्ज भरेल, पीक नोंदवेल, चुकारा जमा झाला की नाही ते पाहून सांगेल. ज्यांना अक्षरानं दाराबाहेर ठेवलं, त्यांच्यासाठी ही फार मोठी गोष्ट आहे.

पण इथंच खरी अडचण आहे. ती समजण्यासाठी यंत्र कसं ऐकतं ते पाहू. यंत्राला कान नाहीत आणि अर्थही कळत नाही. त्याला हजारो तासांचं बोलणं ऐकवलेलं असतं आणि त्या प्रत्येक बोलण्यापुढे ते लिहून ठेवलेलं असतं. अमुक आवाजाला अमुक शब्द, असं ते शिकतं. पुढे आपण बोललो की आजवर ऐकलेल्यातला सर्वांत जवळचा शब्द ते निवडतं. म्हणजे हा अंदाज असतो. शिकवताना जर मुख्यतः बातम्या, भाषणं आणि शहरातली बोलणी ऐकवली असतील, तर त्याचा अंदाज त्याच भाषेकडे झुकणार.

आता आपली वऱ्हाडी घ्या. आपण ‘मला, तुला’ म्हणत नाही, ‘मले, तुले’ म्हणतो. आपल्या तोंडी ‘ळ’चा ‘य’ होतो. डोळा म्हणजे ‘डोया’, शाळा म्हणजे ‘शाया’, काळा म्हणजे ‘काया’. वीज आपल्याकडे ‘ईज’ असते आणि विचार ‘इचार’. माझ्यासारख्याच्या घरी याहून गंमत आहे. आईशी एक हिंदी-उर्दू, गल्लीत वऱ्हाडी, कागदावर प्रमाण मराठी, आणि कधी कधी तिन्ही एकाच वाक्यात. मेळघाटात तर प्रश्न आणखी खोल आहे. धारणी तालुक्यातलं हरिसाल २०१६ मध्ये ‘डिजिटल गाव’ म्हणून गाजलं. तिथल्या कित्येक घरांत कोरकू बोलतात. कोरकूचं मराठीशी घराण्याचं नातं नाही, ती मुंडा भाषांच्या कुळातली आहे आणि राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीतल्या २२ भाषांत ती नाही. त्या घरातल्या आजीला यंत्र कोणत्या भाषेत विचारणार?

कोणी म्हणेल, यंत्राला समजलं नाही तर ते तसं सांगेल. तसं सांगितलं तर बरंच आहे. पण अंदाजानं चालणारं यंत्र पुष्कळदा चुकीचंही ठामपणे सांगतं. शेतकऱ्यानं विचारलं, ‘पराटीवर अयी पडली, काय फवारू?’ यंत्रानं ‘अयी’ला अळी न समजता दुसरंच काही धरलं आणि औषधाचं नाव नि प्रमाण सांगून टाकलं, तर? २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना विषबाधा होऊन शेतकरी आणि शेतमजूर दगावले, हे आपण विसरलेलो नाही. फवारणीच्या कामात ऐकण्यातली चूक म्हणजे व्याकरणाची चूक नव्हे. तिथे माणसाच्या जिवाशी गाठ असते.

दुसरं भाकीत काळजीचं आहे. जे यंत्र आपला आवाज ऐकतं, ते आपल्या आवाजाची नक्कलही करू शकतं. थोडंसं बोलणं हाती लागलं की हुबेहूब आवाज तयार होतो. पुण्याला शिकणाऱ्या मुलाचा रडका आवाज फोनवर ऐकून आई पैसे पाठवेल, असे प्रकार वाढतील. म्हणून घराघरांत एक खुणेचा शब्द आताच ठरवून ठेवा, जो घराबाहेर कुणाला माहीत नाही. पैशाची मागणी आली की फोन ठेवा आणि आपल्याजवळच्या नंबरवर उलट फोन करा. फसवणूक झालीच तर १९३० या क्रमांकावर ताबडतोब कळवा. ‘डिजिटल अटक’ नावाची कुठलीही गोष्ट कायद्यात नाही.

मग करायचं काय? आपल्या अमरावती जिल्ह्यातच, मोर्शी तालुक्यात रिद्धपूर आहे. तेराव्या शतकात म्हाइंभटांनी चक्रधरस्वामींच्या आठवणी माणसामाणसाला विचारून गोळा केल्या आणि लीळाचरित्र सिद्ध झालं. लोकांच्या तोंडचं बोलणं कानांनी टिपून मराठी गद्याचा तो पाया घातला गेला. पुढे १९०५ मध्ये ग्रिअर्सननं भारतीय भाषांच्या पाहणीचा मराठीवरचा खंड काढला, त्यात वऱ्हाडीचे नमुने आहेत. आज रिद्धपूरला मराठी भाषा विद्यापीठ आहे आणि ऑक्टोबर २०२४ मध्ये मराठीला अभिजात दर्जाही मिळाला आहे. त्या दर्जाचा उपयोग करायचा तर हेच काम पुन्हा हाती घ्यावं लागेल. कापूस वेचणाऱ्या बाया, बाजार समितीतले हमाल, अडत्ये, मेंढपाळ, कोरकू आज्या यांचं बोलणं त्यांच्या परवानगीनं नोंदवून ठेवायचं आणि ते यंत्राला शिकवायचं. यात महाविद्यालयांतली मुलं कामी येतील.

यंत्र बनवणाऱ्यांकडेही दोन मागण्या कराव्यात. पहिली, काय ऐकलं ते यंत्रानं आधी परत म्हणून दाखवावं आणि माणसानं ‘हो’ म्हटल्यावरच पुढे जावं. दुसरी, प्रत्येक कचेरीत नावानिशी जबाबदार असलेला एक माणूस ठेवावा. पोस्टमननं पत्र चुकीचं वाचलं तर त्याला विचारता येत होतं. यंत्राला कोण विचारणार?

दहा वर्षांनी फोन कसा दिसेल, तो हातात असेल की कानात, हे मी सांगू शकत नाही. बोलणारी यंत्रं येणार, हे मात्र नक्की. ती आपलं बोलणं समजून घेतील, की त्यांना समजावं म्हणून आपल्या पोरांना आपली बोली सोडावी लागेल, हे आपण येत्या काही वर्षांत काय करतो त्यावर ठरेल.