झाकीर खान यांच्या यशामागे व्हिडिओ किती आणि वही किती?

घरातला मुलगा मोबाइल समोर ठेवून विनोदी व्हिडिओ बनवू लागला की आईवडिलांचा पहिला सवाल ठरलेला, ‘‘यानं पोट भरणार का?’’ मुलाचं उत्तरही ठरलेलं, ‘‘झाकीर खानला बघा ना!’’ तर मग आपण झाकीर खान यांच्याकडे जरा नीट बघूया.

त्यांचा जन्म १९८७ सालचा, इंदूरचा. आजोबा उस्ताद मोईनुद्दीन खान सारंगीवादक, वडील संगीत शिक्षक. झाकीर स्वतः सतार शिकले. म्हणजे रियाज काय असतो, हे त्यांनी घरातच पाहिलं. २०१२ मध्ये कॉमेडी सेंट्रल वाहिनीची ‘इंडियाज बेस्ट स्टँडअप’ स्पर्धा त्यांनी जिंकली. पण घराघरांत नाव पोहोचलं ते ऑनलाइन व्हिडिओंमुळे. २०१७ मध्ये ॲमेझॉन प्राइमवर ‘हक से सिंगल’ हा कार्यक्रम आला. २०१८ मध्ये ‘चाचा विधायक हैं हमारे’ ही मालिका आली. तिच्या लेखनात ते होतेच, रॉनी भैय्याची मुख्य भूमिकाही त्यांचीच. विषय अगदी आपल्या घरातले: फसलेलं प्रेम, दोस्ती, वडिलांचा धाक.

आता यातला पैसा कसा चालतो ते पाहू. यूट्यूबवर जाहिरातीचा वाटा मिळण्यासाठी किमान १,००० सबस्क्रायबर लागतात. शिवाय १२ महिन्यांत लोकांनी ४,००० तास व्हिडिओ पाहिलेले असावे लागतात, किंवा ९० दिवसांत शॉर्ट्सना १ कोटी व्ह्यूज. त्यानंतर मोठ्या व्हिडिओवरच्या जाहिरातीचे ५५ टक्के आणि शॉर्ट्सच्या वाट्यातले ४५ टक्के चॅनेलवाल्याला मिळतात. पण व्ह्यूज आज आहेत, उद्या नाहीत. म्हणून स्टँडअप करणाऱ्यासाठी व्हिडिओ ही दुकानाची काच असते. ती पाहून लोक तिकीट काढतात, आणि कमाई तिथे होते.

खरी अडचण पुढेच आहे. एकदा जोक नेटवर गेला की तो बहुतेक संपला. तिकीट काढून आलेल्याला तोच जोक पुन्हा नको असतो. म्हणजे पुन्हा वही उघडायची, नवं लिहायचं. ओपन माइकला जाऊन मोजक्या लोकांसमोर पाच मिनिटं बोलायचं. कोणी हसलं नाही, तर घरी येऊन वाक्य बदलायचं. असं करत करत तासाभराचा नवा कार्यक्रम उभा राहतो.

१७ ऑगस्ट २०२५ ला झाकीर यांनी न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये हिंदीतून कार्यक्रम केला. स्पर्धा जिंकल्यापासून इथवर यायला १३ वर्षं लागली. पुढच्याच महिन्यात त्यांनी स्वतः सांगितलं की, वर्षानुवर्षांच्या दौऱ्यांनी तब्येत बिघडली आहे, आता विश्रांती हवी. या यशाची ही किंमतही मुलांना माहीत असली पाहिजे.

म्हणून पालकांना आमचं सांगणं एवढंच, की मोबाइल हिसकावण्याआधी मुलाची वही मागा. तिच्यात स्वतःचं लिहिलेलं, खोडलेलं, पुन्हा लिहिलेलं काही दिसलं, तर शिक्षण पूर्ण करण्याच्या अटीवर त्याला वेळ द्या. वहीच नसेल, दुसऱ्यांच्या जोकवर नुसते ओठ हलत असतील, तर तेही त्याला प्रेमानं पण स्पष्ट सांगा.