सांख्यिकीय संगणन : नवशिक्यांच्या अडचणी – आकडेवारीची हाताळणी व आलेखन यांच्या विशेष संदर्भात

गोषवारा : महाविद्यालयीन संशोधनात ‘आर’ या मुक्त संगणकभाषेचा वापर वाढत आहे. ही भाषा नव्याने शिकणाऱ्यांच्या अडचणी बहुधा सांख्यिकीच्या सूत्रांत नसून आकडेवारी संगणकात आणणे, तिचे स्वरूप तपासणे, गहाळ मूल्ये हाताळणे, दोन तक्ते जोडणे आणि आलेख काढणे या प्राथमिक कामांत असतात. प्रस्तुत लेखात या अडचणींची कारणमीमांसा सोदाहरण केली असून अध्यापकांना उपयुक्त ठरतील असे उपाय सुचविले आहेत.

बीजसंज्ञा : आर भाषा, आकडेवारी, गहाळ मूल्य, वर्गीय चल, आलेख.

प्रस्तावना :

न्यूझीलंडमधील ऑकलंड विद्यापीठात रॉस इहाका व रॉबर्ट जंटलमन यांनी १९९० च्या दशकाच्या प्रारंभी ‘आर’ भाषा विकसित केली. अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत जॉन चेंबर्स व त्यांच्या सहकाऱ्यांनी घडविलेली ‘एस’ ही भाषा तिचा आधार होय. आर भाषेची १.० ही आवृत्ती २९ फेब्रुवारी २००० रोजी प्रसिद्ध झाली. ती विनामूल्य असल्याने मर्यादित साधनसामग्री असलेल्या महाविद्यालयांनाही ती सहज उपलब्ध होते. संख्याशास्त्राबरोबरच अर्थशास्त्र, भूगोल, वनस्पतिशास्त्र, वाणिज्य इत्यादी विषयांचे अध्यापक व संशोधक विद्यार्थीही तिच्याकडे वळले आहेत.

या भाषेत होणाऱ्या चुकांचे ढोबळमानाने दोन प्रकार पडतात. पहिल्या प्रकारात संगणक काम थांबवितो व चुकीचा संदेश देतो. हा प्रकार त्रासदायक असला तरी घातक नाही, कारण चूक झाल्याचे वापरकर्त्यास कळते. दुसऱ्या प्रकारात संगणक थांबत नाही; तो उत्तर देतो, मात्र ते उत्तर चुकीचे असते. असे उत्तर प्रबंधात व शोधनिबंधात जसेच्या तसे उतरण्याचा संभव असतो. म्हणून या दुसऱ्या प्रकाराचा विचार अधिक विस्ताराने करणे आवश्यक आहे.

१. आकडेवारी संगणकात आणणे :

नवशिक्यांचा पहिला अडथळा म्हणजे फाइल न सापडणे. आर भाषा ज्या फोल्डरमध्ये काम करीत असते तेथेच ती फाइल शोधते. फाइल अन्यत्र असल्यास तिचा संपूर्ण मार्ग द्यावा लागतो. विंडोज प्रणालीत हा मार्ग उलट्या तिरक्या रेघेने लिहितात. परंतु आर भाषेत त्या रेघेला विशेष अर्थ असल्याने सरळ तिरकी रेघ किंवा दोन उलट्या रेघा द्याव्या लागतात. या अडचणी पहिल्या प्रकारातील असून सरावाने दूर होतात.

आकडेवारी संगणकात येते, परंतु अपुरी येते, ही स्थिती अधिक गंभीर होय. ऑक्टोबर २०२० मध्ये इंग्लंडच्या सार्वजनिक आरोग्य यंत्रणेत याचा प्रत्यय आला. एक्सेलच्या जुन्या स्वरूपातील फाइलमध्ये ६५,५३६ ओळींपेक्षा अधिक ओळी मावत नाहीत. प्रयोगशाळांकडून आलेली माहिती अशा फाइलमध्ये घेतल्याने २५ सप्टेंबर ते २ ऑक्टोबर या काळातील १५,८४१ कोविडबाधितांच्या नोंदी दैनंदिन आकड्यांतून गळाल्या आणि त्यांच्या संपर्कातील व्यक्तींचा शोध लांबला. यावरून फाइल वाचल्यानंतर ओळींची व रकान्यांची संख्या मूळ नोंदींशी ताडून पाहणे किती अगत्याचे आहे, हे स्पष्ट होते. आर भाषेत ‘डिम’ या एका आज्ञेने हे काम होते.

२. रकान्याचा प्रकार :

आर भाषेत प्रत्येक रकान्याला एक प्रकार असतो : संख्या, मजकूर, दिनांक, वर्गीय चल इत्यादी. रकान्यातील सर्व नोंदी संख्या असतील तरच तो संख्यात्मक मानला जातो. गुणांच्या रकान्यात एका ठिकाणी ‘गैरहजर’ असे लिहिले, किंवा रक्कम ‘१,२५,०००’ अशी स्वल्पविरामासह नोंदली, तर संपूर्ण रकाना मजकूर ठरतो.

४.० आवृत्तीपूर्वी, म्हणजे २०२० पर्यंत, असा मजकूर आपोआप वर्गीय चलात रूपांतरित होत असे. वर्गीय चलात प्रत्यक्ष मूल्यांऐवजी त्यांचे क्रमांक साठविले जातात. समजा, चार विद्यार्थ्यांच्या नोंदी ३५, ७०, ४८ व ‘गैरहजर’ अशा आहेत. हा रकाना वर्गीय चल झाल्यास व त्याचे थेट संख्येत रूपांतर केल्यास १, ३, २ व ४ हे क्रमांक हाती येतात. हजर विद्यार्थ्यांची खरी सरासरी ५१ असताना संगणक २.५ हे उत्तर देतो आणि कोणतीही सूचना देत नाही. येथे तफावत मोठी असल्याने ती लक्षात येईल. परंतु मूळ मूल्येच लहान असतील, उदाहरणार्थ पाच बिंदूंच्या मापनश्रेणीवरील प्रतिसाद, तर ती लक्षात येणे कठीण असते. अशा चलाचे आधी मजकुरात व नंतर संख्येत रूपांतर करणे, हा यावरील उपाय होय. नव्या आवृत्तीत आपोआप होणारे रूपांतर बंद झाले असले तरी वापरकर्त्याने स्वतः तयार केलेल्या वर्गीय चलाबाबत हा धोका कायम आहे.

दिनांकाची अडचणही याच स्वरूपाची आहे. भारतात दिवस, महिना, वर्ष असा क्रम रूढ आहे. आर भाषा मात्र वर्ष प्रथम असल्याचे गृहीत धरते. ‘०५/०६/२०२३’ ही नोंद स्वरूप न सांगता दिनांकात बदलल्यास संगणक इसवी सन ५ मधील २० जून हा दिनांक देतो, कारण तो ‘०५’ हे वर्ष आणि ‘२०२३’ मधील पहिले दोन अंक हा दिवस मानतो. म्हणून दिनांकाचे स्वरूप स्पष्टपणे नमूद करावे.

मराठीतून सर्वेक्षण करणाऱ्या संशोधकांनी आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. देवनागरी अंकांत नोंदलेली संख्या आर भाषा संख्या म्हणून स्वीकारत नाही. रूपांतर करताना ती गहाळ मूल्य ठरते. त्यामुळे विश्लेषणासाठीचे अंक आंतरराष्ट्रीय (इंग्रजी) पद्धतीने नोंदवावेत. तसेच युनिकोड नसलेल्या जुन्या फाँटमध्ये टंकलिखित केलेला मजकूर संगणकाच्या दृष्टीने मराठी नसतोच. तो आधी युनिकोडमध्ये रूपांतरित करावा लागतो.

३. गहाळ मूल्ये :

नवशिक्यांचा सर्वाधिक गोंधळ गहाळ मूल्यांबाबत होतो. आर भाषेत गहाळ मूल्य ‘एनए’ या चिन्हाने दर्शविले जाते. त्याचा अर्थ शून्य नसून ‘माहीत नाही’ असा आहे. एखादे मूल्य माहीत नसेल तर बेरीजही माहीत नसते. म्हणून गहाळ मूल्य असलेल्या रकान्याची सरासरी मागितल्यास उत्तरही ‘एनए’ असेच येते. हा संगणकाचा दोष नसून त्यामागे तर्क आहे.

या उत्तराने गोंधळून काही जण गहाळ जागी शून्य भरतात. त्याचे परिणाम आर भाषेसोबत येणाऱ्या ‘एअरक्वालिटी’ या तक्त्यावरून चांगले समजतात. या तक्त्यात न्यूयॉर्क येथील मे ते सप्टेंबर १९७३ मधील १५३ दिवसांच्या हवेविषयक नोंदी आहेत. त्यांपैकी ३७ दिवसांची ओझोनची नोंद उपलब्ध नाही. उपलब्ध ११६ नोंदींची सरासरी ४२.१ आहे. गहाळ जागी शून्य भरल्यास ती ३१.९ इतकी खाली येते.

महिनावार पाहिल्यास हा परिणाम अधिक ठळक होतो. ३७ गहाळ नोंदींपैकी २१ एकट्या जून महिन्यातील आहेत. उपलब्ध नोंदींनुसार मे महिन्याची सरासरी २३.६ व जूनची २९.४ आहे, म्हणजे ओझोनचे प्रमाण मे महिन्यात सर्वांत कमी होते. शून्य भरल्यानंतर मात्र मेची सरासरी १९.८ व जूनची ८.८ येते आणि जून हा सर्वांत कमी ओझोनचा महिना ठरतो. निष्कर्षच उलटतो. तथापि, गहाळ मूल्ये वगळून काढलेली जूनची सरासरीही केवळ ९ दिवसांवर आधारलेली आहे, ही बाब अहवालात नमूद न केल्यास वाचकाची दिशाभूल होते. म्हणून सरासरीसोबत नोंदींची संख्या देण्याची सवय लावणे इष्ट होय.

याच तक्त्यात सर्व रकाने पूर्ण असलेल्या ओळी केवळ १११ आहेत. अपूर्ण ओळी सरसकट वगळणारी आज्ञा दिल्यास ४२ दिवस नाहीसे होतात, आणि त्यांत ओझोनची नोंद असलेल्या ५ दिवसांचाही समावेश असतो. अभ्यासात ज्या चलांचा उपयोग होणार आहे तेवढ्यांपुरताच विचार करून ओळी वगळाव्यात. तसेच काही सर्वेक्षणांत ‘उत्तर नाही’ यासाठी ९९ किंवा ९९९ असा संकेतांक वापरतात. तो गहाळ आहे हे संगणकाला सांगितले नाही, तर उत्तरदात्याचे वय ९९९ वर्षे धरून सरासरी काढली जाते.

४. दोन तक्त्यांची जोडणी :

सामाजिक शास्त्रांत वेगवेगळ्या वर्षांची जिल्हानिहाय माहिती एकत्र करण्याचा प्रसंग वारंवार येतो. आर भाषेतील ‘मर्ज’ ही आज्ञा दोन्ही तक्त्यांत समान असलेल्या नावांच्याच ओळी ठेवते व उरलेल्या काही न सांगता वगळते. २०११ च्या जनगणनेच्या वेळी महाराष्ट्रात ३५ जिल्हे होते. १ ऑगस्ट २०१४ रोजी ठाणे जिल्ह्याचे विभाजन होऊन पालघर हा ३६ वा जिल्हा अस्तित्वात आला. पुढे औरंगाबादचे छत्रपती संभाजीनगर व उस्मानाबादचे धाराशिव (२०२३) आणि अहमदनगरचे अहिल्यानगर (२०२४) असे नामांतर झाले.

या दोन काळांतील तक्ते नावाच्या आधारे जोडल्यास, अन्य नावे दोन्हीकडे तंतोतंत सारखी असली तरीही केवळ ३२ जिल्हे उरतात. नामांतर झालेले तीन जिल्हे व पालघर गळून पडतात आणि मराठवाड्याचे चित्र अपुरे राहते. याहून सूक्ष्म चूक ठाण्याबाबत होते. ‘ठाणे’ हे नाव दोन्ही तक्त्यांत असल्याने ते विनासायास जुळते. परंतु २०११ ची १,१०,६०,१४८ ही लोकसंख्या पालघरसह असलेल्या जुन्या जिल्ह्याची आहे. विभाजनानंतरच्या ठाण्याशी तिची तुलना केल्यास लोकसंख्या अकस्मात घटल्याचा आभास होतो. गळालेल्या ओळी संगणकाकडून दाखवून घेता येतात. ठाण्याची चूक मात्र विषयाचे ज्ञान असलेल्या संशोधकालाच ओळखता येते.

५. आलेखन :

फ्रान्सिस अँस्कोम या संख्याशास्त्रज्ञाने १९७३ मध्ये प्रत्येकी ११ बिंदूंचे चार संच प्रसिद्ध केले. चारही संचांत ‘क्ष’ची सरासरी ९, ‘य’ची ७.५, सहसंबंध गुणांक सुमारे ०.८२ आणि प्रतिगमन रेषाही जवळजवळ एकच आहे. आलेख काढल्यावर मात्र एका संचात सर्वसाधारण रेषीय संबंध, दुसऱ्यात वक्र, तिसऱ्यात एका बिंदूने कललेली रेषा आणि चौथ्यात दहा बिंदू एकाच उभ्या रेषेत व अकरावा दूर असे चित्र दिसते. आलेख हे अहवालाचे केवळ शोभेचे अंग नसून विश्लेषणाचे साधन आहे, हे यावरून सिद्ध होते.

आलेखन करताना नवशिक्यांना पुढील अडचणी प्रामुख्याने येतात.

(अ) *संकेतांक व संख्या यांतील गल्लत :* ‘एअरक्वालिटी’मध्ये महिना ५ ते ९ अशा अंकांनी दिला आहे. संगणक त्यास सलग संख्या मानतो. त्यामुळे हॅडली विकहॅम यांच्या ‘जीजीप्लॉट-२’ या आज्ञासंचात महिनावार पाच बॉक्स प्लॉट अपेक्षित असताना एकच मिळतो. महिना हा वर्गीय चल असल्याचे सांगताच अडचण दूर होते.

(आ) *वर्णानुक्रम :* महिन्यांची इंग्रजी नावे दिल्यास संगणक ती वर्णानुक्रमाने, म्हणजे एप्रिल, ऑगस्ट, डिसेंबर अशी मांडतो. पावसाचा किंवा विक्रीचा हंगामी कल त्यामुळे पूर्णतः विस्कळीत होतो. वर्गांचा क्रम वापरकर्त्यानेच ठरवून द्यावा लागतो.

(इ) *रेषांचे जाळे :* आर भाषेच्या मूळ आलेखन आज्ञेने काढलेल्या रेषालेखात बिंदू तक्त्यातील क्रमानेच जोडले जातात. तापमान व ओझोन यांचा रेषालेख तापमानाच्या क्रमाने न लावता काढल्यास रेषा मागेपुढे धावून गुंतागुंत होते. अशा ठिकाणी विकीर्ण आलेखच योग्य होय.

(ई) *अक्षाचा प्रारंभ :* स्तंभालेखात स्तंभाची उंची हेच मूल्य असते. म्हणून अक्ष शून्यापासून सुरू होणे आवश्यक आहे. निकालाचे ८२ व ८४ टक्के हे आकडे ८० पासून सुरू होणाऱ्या अक्षावर दाखविल्यास दुसरा स्तंभ पहिल्याच्या दुप्पट दिसतो.

६. अध्यापनविषयक सूचना :

वरील विवेचनावरून पुढील सूचना करता येतील. (१) मूळ फाइलमध्ये कधीही बदल करू नये; सर्व दुरुस्त्या आज्ञावलीत लिहून ठेवाव्यात. (२) कोणतेही विश्लेषण करण्यापूर्वी ओळींची संख्या, रकान्यांचे प्रकार, किमान व कमाल मूल्ये आणि गहाळ मूल्यांची संख्या तपासावी; त्यासाठी ‘एसटीआर’ व ‘समरी’ या दोन आज्ञा पुरेशा आहेत. (३) संगणकाने दिलेला इशारा वाचल्याखेरीज पुढे जाऊ नये. (४) प्रात्यक्षिकात विद्यार्थ्यांना केवळ निर्दोष आकडेवारी न देता हेतुपुरस्सर चुका असलेली आकडेवारीही द्यावी. (५) प्रबंधासोबत आज्ञावली सादर करण्याची प्रथा पाडावी.

शेवटच्या सूचनेचे महत्त्व एका प्रसंगावरून कळते. कारमेन राइनहार्ट व केनेथ रोगॉफ या अर्थशास्त्रज्ञांच्या २०१० मधील निबंधात, सरकारी कर्ज सकल देशांतर्गत उत्पादनाच्या ९० टक्क्यांहून अधिक असलेल्या देशांचा सरासरी वृद्धिदर उणे ०.१ टक्का दाखविला होता. काटकसरीच्या धोरणांच्या समर्थनार्थ त्याचा आधार घेतला गेला. २०१३ मध्ये मॅसॅच्युसेट्स विद्यापीठातील थॉमस हर्नडन या विद्यार्थ्याने प्राध्यापक मायकेल अ‍ॅश व रॉबर्ट पोलिन यांच्यासह त्याची फेरतपासणी केली. एक्सेलमधील सूत्रात २० पैकी ५ देश सुटल्याचे, तसेच काही वर्षे वगळल्याचे व भारांकनाची पद्धत वादग्रस्त असल्याचे त्यांनी दाखविले. त्यांच्या गणनेनुसार वृद्धिदर २.२ टक्के आला. मूळ फाइल लेखकांनी उपलब्ध करून दिल्यामुळेच ही तपासणी शक्य झाली, हेही लक्षणीय आहे.

समारोप :

आकडेवारीची हाताळणी हे विश्लेषणापूर्वीचे दुय्यम काम नसून विश्लेषणाचाच पाया आहे. नवशिक्यांच्या बहुतेक चुका या बुद्धीच्या नसून तपासणीच्या सवयीच्या अभावातून उद्भवतात. संगणक दिलेल्या आज्ञेचे पालन करतो. ती आज्ञा विषयाला अनुरूप आहे किंवा नाही, याचा निर्णय तो करीत नाही. शून्य व अज्ञात यांतील भेद, किंवा जुने ठाणे व नवे ठाणे यांतील भेद ओळखण्याची जबाबदारी संशोधकाचीच राहते. ही दृष्टी विद्यार्थ्यांत रुजविणे, हे सूत्रे व आज्ञा शिकविण्याइतकेच अध्यापकांचे कर्तव्य होय.