मॉलचा किराणा खरंच स्वस्त पडतो का? चेंबूरहून पिशव्या भरून आणण्याआधी हा हिशोब करून बघा

चेंबूर (मुंबई) : सणवार जवळ आला की चेंबूरच्या मैत्री पार्कला गावाकडच्या गाड्यांसाठी गर्दी होते. कपड्यांच्या बॅगांसोबत तेलाचा डबा, साबणाचे पुडे, बिस्किटांची खोकी, डाळींच्या पिशव्याही गाडीत चढतात. ‘मॉलमध्ये ऑफर होती, म्हणून घेतलं’ हे वाक्य आता घराघरात ऐकू येतं. आणि मुंबईच कशाला, आता तालुक्याच्या गावातही सुपरमार्केट उघडली आहेत. तिथे कार्ड मिळतं, पॉइंट मिळतात, मोबाइलवर ऑफरचे मेसेज येतात.

मग किराणा भरायचा कुठे? गावातल्या दुकानात, तालुक्याच्या मॉलमध्ये की मुंबईहून येणाऱ्याकडून मागवायचा? याचं उत्तर तुमच्या घरच्या महिन्याच्या यादीतच आहे. फक्त भाव कसा ताडून बघायचा ते माहीत पाहिजे. (खालचे आकडे हिशोब समजावा म्हणून घेतले आहेत. तुमच्याकडचे भाव घालून बघा.)

छापील किंमत आणि ‘सूट’

पाकिटावरची एमआरपी म्हणजे जास्तीत जास्त किंमत. सगळे कर त्यातच धरलेले असतात. त्याहून एक रुपयाही जास्त घेता येत नाही, कमी मात्र घेता येतो. त्यामुळे ‘एमआरपीवर २५ रुपये सूट’ हा बोर्ड बघून लगेच खूश होऊ नका. तुमचा नेहमीचा दुकानदारही त्या पाकिटाला कदाचित २० रुपये कमीच लावत असेल. मग खरा फायदा ५ रुपयांचा झाला. सूट मोजायची ती आपण आज जो भाव देतो त्याच्यापासून.

भाव किलोवर आणा

दुसरी गोष्ट वजनाची. एका दुकानात ९०० ग्रॅमचं पाकीट, दुसऱ्यात एक किलोचं. पाकिटं सारखीच दिसतात आणि कमी वजनाचं स्वस्त वाटतं. म्हणून पाकिटावर आता एका ग्रॅमचा किंवा एका किलोचा दर छापावा लागतो. बारीक अक्षरात असतो, पण शोधा. ग्रॅमचा दर असेल तर हजाराने गुणा, किलोचा भाव निघाला.

तेलात तर हमखास फसगत होते. एक लिटर तेलाचं वजन साधारण ९१० ग्रॅम भरतं. म्हणजे १५ किलोचा डबा आणि १५ लिटरचा डबा एक नव्हे. १५ लिटरमध्ये तेल साधारण १३ किलो ६५० ग्रॅमच असतं. समजा गावात १५ किलोचा डबा २,४०० रुपयांना आहे आणि मॉलमध्ये १५ लिटरचा २,२५० रुपयांना. वरवर १५० रुपये वाचले. पण गावातलं तेल पडलं १६० रुपये किलो आणि मॉलमधलं जवळजवळ १६५ रुपये किलो. डबा घेताना ‘किलो की लिटर’ हे आधी वाचा.

मोठं पाकीट नेहमी स्वस्त पडतं असंही नाही. शाम्पूच्या छोट्या पुड्या बऱ्याचदा बाटलीपेक्षा स्वस्त पडतात. आणि सुट्या डाळीची तुलना करताना नुसता भाव बघू नका, डाळीची प्रत एकच आहे का तेही हातात घेऊन बघा.

पॉइंटची किंमत किती?

लॉयल्टी कार्ड म्हणजे ‘आमच्याकडेच या, थोडं परत देऊ’ ही योजना. दुकानात दोनच प्रश्न विचारा. शंभर रुपयांवर किती पॉइंट? आणि एका पॉइंटचे किती पैसे? समजा शंभराला एक पॉइंट आणि पॉइंटला २५ पैसे. मग ३,००० रुपयांच्या बिलावर ३० पॉइंट, म्हणजे साडेसात रुपये. गावातून तालुक्याला जायला-यायला ८० रुपये भाडं लागत असेल, तर पॉइंटसाठी फेरी मारण्यात काय अर्थ?

सगळी दुकानं पॉइंटवर चालतात असंही नाही. डीमार्टचं पहिलं दुकान २००२ मध्ये मुंबईत पवईला सुरू झालं. त्यांनी पॉइंटऐवजी रोजच कमी भाव ठेवायचं धोरण धरलं. बहुतेक दुकानांची जागा स्वतःची, म्हणून भाड्याचा बोजा कमी. माल घाऊक घ्यायचा, कंपन्यांचे पैसे लवकर चुकते करायचे आणि त्या बदल्यात भाव पाडून घ्यायचा. सुपरमार्केटचं एक गणित मात्र सगळीकडे सारखं आहे. किराण्यावर नफा कमी आणि कपडे, भांडी, प्लास्टिकच्या वस्तूंवर जास्त. साखर स्वस्त मिळते म्हणून आत गेलेला माणूस बाहेर येताना टी-शर्ट आणि बादली घेऊन येतो. साखरेत वाचलेलं बादलीत गेलं.

‘१,४९९ च्या खरेदीवर साखर स्वस्त’ अशा ऑफरचंही तेच. तुमची यादी १,१०० रुपयांची असेल, तर साखरेत ३० रुपये वाचवायला ३९९ रुपयांचं जास्तीचं सामान घ्यावं लागेल. ते सामान पुढच्या महिन्यात लागणारच असेल तर ठीक, नाहीतर तोटाच.

पॉइंट साठवूनही ठेवू नका. त्यांना मुदत असते आणि नियम दुकान बदलू शकतं. २०२२ च्या सुरुवातीला देशभरातली बिग बझारची अनेक दुकानं एकाएकी बंद झाली. दुकानच बंद पडलं तर कार्डाला कोण विचारतो? आगाऊ पैसे भरून दर महिन्याला सामान घ्यायच्या योजनेत हा धोका आणखी मोठा, कारण तिथे आपले रोख पैसे अडकतात.

मोबाइल नंबर द्यायलाच हवा का?

नाही. नंबर दिल्याशिवाय बिलच करणार नाही असा आग्रह धरणं ही अनुचित प्रथा आहे, असं केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने मे २०२३ मध्ये दुकानदारांना कळवलं आहे. पॉइंट हवे असतील तर नंबर द्या. नको असतील तर ‘नंबर देणार नाही, बिल करा’ असं सरळ सांगा.

उधारीचा भाव

गावातल्या दुकानाची एक सोय मॉलमध्ये नाही, ती म्हणजे उधारी. दुधाचं बिल किंवा उसाचे पैसे येईपर्यंत दुकानदार थांबतो. घरात आजारपण आलं, पाऊस लांबला, तेव्हा हीच वही चूल पेटती ठेवते. रोखीचा सगळा माल मॉलमधून आणि मीठ-काडेपेटी तेवढी उधारीवर, असं सगळं गाव वागायला लागलं तर ते दुकान किती दिवस टिकणार?

पण उधारीलाही भाव असतो, तोही मोजा. रोखीत १०० ची वस्तू महिन्याच्या उधारीवर १०५ ला मिळत असेल, तर ते महिन्याला शेकडा ५ व्याज झालं. वर्षाचं ६० टक्के! म्हणून हातात पैसे असतील तेव्हा दुकानदाराला स्पष्ट विचारा, ‘काका, रोखीचा भाव काय?’ बरेचदा तिथेच दोन-पाच रुपये सुटतात आणि मॉलची फेरीही वाचते.

मुंबईकरांनी काढलेला तिसरा रस्ता

मॉल यायच्या कितीतरी आधी मुंबईत महागाईवर लोकांनी एकत्र येऊन उपाय काढला. १९४८ मध्ये नायगावच्या कामगार वस्तीत सहकारी तत्त्वावर ‘अपना बाजार’ उभा राहिला. पुढे १९७५ मध्ये मुंबई ग्राहक पंचायत सुरू झाली. तिची पद्धत साधी आहे. शेजारपाजारची काही कुटुंबं एक गट करतात, महिन्याची मागणी आधीच लिहून देतात. सगळ्यांचा माल एकदम घाऊकात घेतला जातो आणि गटातलेच लोक तो वाटून घेतात. दुकानाचं भाडं नाही, जाहिरात नाही, माल पडून राहत नाही.

हे गावात करायला कोणी अडवलेलं नाही. बचत गटातल्या दहा-बारा जणींनी तेल, साखर, तूरडाळ, साबण अशा चारच वस्तूंची मागणी एकत्र केली, तर तालुक्याच्या घाऊक दुकानात भाव करता येतो. टेम्पोचं भाडंही वाटून जातं. गावातल्याच दुकानदाराला ‘एवढा माल रोखीने घेतो, काय भाव लावतोस?’ असंही विचारता येईल. त्याचाही धंदा राहील.

या महिन्यात एवढं करा

१. रेशनवर मिळणारं धान्य आधी यादीतून वजा करा. मुंबईत कामाला असलेल्यांना रेशन कार्डावरचा आपला वाटा चेंबूरमध्येही उचलता येतो.

२. सर्वांत जास्त पैसे जाणाऱ्या दहा वस्तू लिहा. तेल, साखर, डाळ, तांदूळ, चहा, साबण, कपडे धुण्याची पावडर वगैरे.

३. प्रत्येकीचा किलोचा भाव गावातून, तालुक्यातून आणि मुंबईच्या माणसाकडून घ्या. बिलाचा फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर मागवला तरी चालेल.

४. बेरजेत जाण्या-येण्याचं भाडं आणि बुडणारी मजुरी धरा. पॉइंट सर्वांत शेवटी, रुपयात करून.

५. बिल दुकानातच तपासा. रॅकवरचा भाव आणि बिलातला भाव वेगळा असेल तर तिथेच दाखवा.

एमआरपीपेक्षा जास्त घेतलं किंवा वजन कमी भरलं, तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर तक्रार करता येते. वजन-मापाची तक्रार जिल्ह्याच्या वैधमापनशास्त्र कार्यालयातही घेतात. त्यासाठी बिल जपून ठेवा. बिल नसेल तर तक्रार लंगडी पडते.