कँडीच्या तोफेने अ‍ॅमस्टरडॅम का सोडले?

अ‍ॅमस्टरडॅमला जाणारा पर्यटक सहसा रायक्स म्युझियम पाहिल्याशिवाय परतत नाही. वास्तुविशारद पियर कुइपर्स यांनी उभारलेल्या आणि १८८५मध्ये खुल्या झालेल्या या वास्तूत सर्वाधिक गर्दी असते ती रेम्ब्रांटच्या 'नाइट वॉच'समोर. व्हर्मीअरने रंगवलेल्या, दूध ओतणाऱ्या दासीपाशीही पावले थबकतात. नेदरलँड्सच्या सतराव्या शतकातील सुबत्तेचे हे वैभव! मात्र या सुबत्तेमागे डच ईस्ट इंडिया कंपनीची जहाजेही होती आणि कंपनीच्या सत्तेबरोबर युरोपात केवळ मिरी-दालचिनीच आली नाही.

कँडीची तोफ हे त्याचे बोलके उदाहरण. ब्राँझच्या या तोफेवर सोन्या-चांदीचे काम असून माणके जडवलेली आहेत. सूर्य, अर्धचंद्र आणि सिंह ही कँडीच्या राजाची चिन्हे तिच्यावर आहेत. श्रीलंकेतील लेवके दिसावा या सरदाराने १७४५च्या सुमारास ती राजाला नजर केली. रणांगणापेक्षा दरबारातच ती अधिक शोभली असावी. १७६५मध्ये डच गव्हर्नर लुब्बर्ट यान फान एक याच्या फौजेने कँडी लुटले. १८०० सालापासून ही तोफ डच राष्ट्रीय संग्रहात होती, म्हणजे संग्रहालयाच्या आजच्या इमारतीपेक्षाही ही ठेव जुनी.

दोन शतके जपलेली ही वस्तू परत का गेली, हे समजण्यासाठी मालकीचा मुद्दा लक्षात घ्यायला हवा. तोफ डच सरकारच्या मालकीची होती. संग्रहालय केवळ तिचा सांभाळ करत होते. साहजिकच निर्णयही सरकारचाच. कायदेतज्ज्ञ लिलियन गोन्साल्विस यांच्या अध्यक्षतेखालील समितीने २०२०मध्ये शिफारशी केल्या आणि त्यावर आधारित धोरण सरकारने २०२१मध्ये स्वीकारले. पूर्वीच्या डच वसाहतीतील देशाने मागणी करावी आणि वस्तू मूळ धन्याच्या इच्छेविरुद्ध गेल्याचे पुरेसे सिद्ध व्हावे, की ती विनाअट परत करायची. 'आमच्या संग्रहासाठी ती महत्त्वाची आहे,' ही सबब येथे चालत नाही.

खरी कसोटी लागते ती पुराव्याची. अडीचशे वर्षांत वस्तूचे हात बदलतात, नोंदी हरवतात, दंतकथा चिकटतात. या तोफेबाबत डच आणि श्रीलंकेच्या अभ्यासकांनी एकत्र बसून पूर्वेतिहास तपासला. ६ जुलै २०२३ रोजी नेदरलँड्सने इंडोनेशिया व श्रीलंकेला एकूण ४७८ वस्तू परत करण्याचे जाहीर केले. विशेष म्हणजे, पाचच दिवस आधी राजे विलेम-अलेक्झांडर यांनी याच अ‍ॅमस्टरडॅममध्ये गुलामगिरीबद्दल माफी मागितली होती. श्रीलंकेच्या वाट्याला आल्या सहा वस्तू : तोफ, सोन्याची व चांदीची अशा दोन तलवारी, एक सुरी आणि दोन बंदुका. डिसेंबर २०२३मध्ये कोलंबोत त्यांचे हस्तांतर झाले.

अर्थात, या धोरणाला मर्यादा आहेत. नगरपालिका किंवा खासगी संस्थांच्या मालकीच्या वस्तूंना ते बंधनकारक नाही. जी भूमी डचांची वसाहत नव्हती, तेथील वस्तूंबाबत दोन्ही बाजूंचे हितसंबंध तोलले जातात. तरीही २०२५मध्ये नायजेरियाला ११९ बेनिन शिल्पे व वस्तू देण्यात आल्या. ब्रिटिशांनी १८९७मध्ये केलेली ही लूट. त्यांपैकी सहा वस्तू रॉटरडॅम नगरपालिकेने स्वतःहून दिल्या.

मराठी वाचकाला येथे साताऱ्याची आठवण होईल. लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियममधून जुलै २०२४मध्ये तेथे आलेली वाघनखे तीन वर्षांच्या उसनवारीवर आली. मालकी लंडनकडेच राहिली. कँडीची तोफ मात्र कोलंबोला गेली ती मालकीसह.